दात काढल्यावर काय खायचं, कसं खायचं आणि का

दात काढून घरी आलं की भूल उतरण्याच्या सुमाराला दोन गोष्टी एकदमच जाणवायला लागतात: ठणका आणि भूक. दवाखान्यातून निघताना सूचना मिळालेल्या असतात. गरम नको, तिखट नको, त्या बाजूने चावू नका, जोरात थुंकू नका. पण घरात शिजलेला नेमका पदार्थ त्या सूचनांत नसतो. मग काही जण धास्तीपोटी दोन दिवस नुसत्या दुधावर काढतात आणि अशक्तपणाने आडवे होतात. काही जण गाल बधिर असतानाच जेवायला बसतात आणि स्वतःचाच ओठ चावून घेतात.

काय चालेल आणि काय चालणार नाही, याच्या याद्या पुष्कळ मिळतात. मला त्या फारशा उपयोगी वाटत नाहीत. एकच बटाटा उकडून कुस्करला तर दुसऱ्या दिवशी बिनधास्त खाता येतो, आणि कुरकुरीत तळला तर आठवड्यानंतरही हिरडीला टोचतो. म्हणजे पदार्थाचं नाव कळून भागत नाही, तो ताटात कोणत्या रूपात आलाय ते बघावं लागतं. आणि कोणत्या दिवशी कोणतं रूप चालेल, हे दात निघाल्यावर मागे राहिलेल्या खळग्यात तेव्हा काय चाललंय त्यावर ठरतं. तेवढं समजून घेतलं की यादी हाताशी नसली तरी अडत नाही.

खळग्यात काय चालतं

दात हिरडीत रुतलेला दिसतो, पण त्याची मुळं जबड्याच्या हाडात असतात. दात निघाला की मुळांच्या आकाराचा खळगा हाडात उरतो. तो रक्ताने भरतो आणि काही मिनिटांत ते रक्त गोठतं. डॉक्टर गॉजचा बोळा ठेवून अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायला सांगतात, ते ही गुठळी नीट बसावी म्हणून. बोळा सारखा काढून 'थांबलं का रक्त?' म्हणून बघत बसलं तर प्रत्येक वेळी नव्याने धरू पाहणारी गुठळी हलते.

ही गुठळी म्हणजे त्या जखमेचं सगळं भांडवल. ती उघड्या हाडाला आणि तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांना झाकते. पुढे नव्या पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या तिच्याच जाळ्याचा आधार घेत आत शिरतात. गुडघा खरचटल्यावर धरणारी खपली हवेत सुकून टणक होते. तोंडातल्या गुठळीच्या नशिबी ते नाही. ती कायम ओली, लाळेत भिजलेली, जिभेच्या आणि अन्नाच्या वाटेवर असते. म्हणून सुरुवातीला तिला जपावं लागतं.

पहिले तीन-चार दिवस सर्वांत नाजूक. साधारण आठवड्याभरात गुठळीची जागा मऊ, लालसर, दाणेदार अशी नवी ऊती घेऊ लागते. वरून हिरडी मिटायला तीन-चार आठवडे लागतात, मोठ्या दाढेला थोडे जास्तच. आतलं हाड भरायला काही महिने जातात, पण त्याचा रोजच्या जेवणाशी फारसा संबंध उरत नाही.

मध्येच, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आरशात पाहिलं तर खळग्यात पांढरट-पिवळसर थर दिसतो. पुष्कळांना तो पू वाटतो किंवा अडकलेलं अन्न वाटतं, आणि मग काडी, नख, ब्रशचं टोक जे हाती येईल त्याने तो खरवडायची इच्छा होते. बहुतेक वेळा तो भरून येणाऱ्या जखमेचाच भाग असतो. त्याला हात लावायचा नाही.

गुठळी धरलीच नाही, निघाली किंवा वेळेआधी विरघळली, तर खालचं हाड उघडं पडतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. हे नाव वैद्यकीय लिखाणात 1896 सालापासून आहे. क्रॉफर्ड नावाच्या दंतवैद्याने ते पहिल्यांदा वापरलं. त्याची ओळख सोपी आहे. दात काढल्याचं दुखणं साधारणपणे पहिल्या-दुसऱ्या दिवशी जास्त असतं आणि मग उतरत जातं. ड्राय सॉकेटमध्ये उलटं होतं: बरं वाटायला लागलेलं असतानाच दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान जोरदार ठणका सुरू होतो, तो कानापर्यंत जातो, गोळीला दाद देत नाही, आणि तोंडाला घाण वास व चव येते. साध्या दातांमध्ये हे शंभरात फार तर चार-पाच जणांना होतं; खालच्या अक्कलदाढेत बरंच जास्त. सिगारेट ओढणाऱ्यांना, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना आणि दात काढायला खूप झटापट करावी लागलेल्यांना धोका अधिक.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ड्राय सॉकेट झालं म्हणजे रुग्णाने काहीतरी चुकीचं खाल्लं, असा अर्थ होत नाही. पुष्कळदा शरीरातलीच गुठळी विरघळवणारी रसायनं तिथे नेमाने काम करतात आणि गुठळी जाते. त्यामुळे घरच्यांनी 'तरी सांगत होतो, ते खाऊ नकोस' म्हणून डोकं खाऊ नये. पण जेवढं आपल्या हातात आहे तेवढं सांभाळावं, आणि ते फार अवघड नाही.

आधी भूल उतरू द्या

दात काढताना जे इंजेक्शन देतात, त्याने दाताबरोबर ओठ, गाल आणि कधी जीभही बधिर होते. नेहमीच्या औषधांचा हा बधिरपणा दोन ते चार तास टिकतो, खालच्या जबड्याला अंमळ जास्त. काही औषधांचा त्याहूनही लांबतो. या वेळात जेवू नये. ओठ दाताखाली आला तरी कळत नाही, आणि गरम घोट घेतला तर भाजल्याचं नंतर समजतं. लहान मुलांच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं; त्यांना तो बधिर ओठ गमतीचा वाटतो आणि ती तो चघळत बसतात.

पोट रिकामं ठेवून दात काढायला गेला असाल तर हे तीन-चार तास जड जातात. म्हणून ज्यांना पूर्ण भूल देऊन दात काढायचा नाही, म्हणजे नुसतं जागेवर इंजेक्शन आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून जाण्याआधी नीट जेवून घ्यावं. यावर कुणी फारसं बोलत नाही, पण पहिल्या दिवसाचा निम्मा त्रास यानेच वाचतो. शिवाय पोटात काही असलं की खुर्चीवर घेरी येण्याची शक्यताही कमी.

भूल उतरेपर्यंत तहान लागली तर गार किंवा साधं पाणी, बधिर नसलेल्या बाजूने, छोट्या घोटांनी प्यावं.

ताटातल्या पदार्थाला विचारायचे प्रश्न

समोर आलेल्या पदार्थाबद्दल एवढंच बघायचं: याला चावायला जोर लागतो का? हा ओढून प्यावा लागतो का? हा गरम आहे का? याचे बारीक, कडक कण सुटतात का? आणि हा झोंबेल का?

जोराचं कारण उघड आहे. शेजारच्या दातांनी कडक काही चावलं की तुकडा सरकून थेट जखमेवर आदळतो. टाके असतील तर ते ताणले जातात. शिवाय जबड्याचे स्नायू दात काढताना ताणले गेलेले असतात, तेही कुरकुरतात. पहिल्या दोन-तीन दिवसांचा माझा निकष असा: जीभ टाळूला दाबून घास चिरडता आला पाहिजे. पिकलेलं केळं चिरडतं, मऊ ऑम्लेट चिरडतं, पावाचा मधला भाग दुधात भिजवला तर चिरडतो. त्याच पावाची भाजलेली कड चिरडत नाही.

ओढून पिण्याचा प्रश्न स्ट्रॉचा. स्ट्रॉने पिताना तोंडात पोकळी तयार होते आणि त्या ओढीने गुठळी सैल होऊ शकते, असं मानतात. याचा थेट पुरावा फारसा भक्कम नाही. तरीही चार-पाच दिवस स्ट्रॉ न वापरल्याने काहीच बिघडत नाही, म्हणून सल्ला पाळावा हे उत्तम. पेला तोंडाला लावायचा किंवा चमच्याने प्यायचं. हीच ओढ सिगारेटच्या झुरक्यातही असते, आणि तिच्यात भर म्हणजे निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करतं, त्यामुळे जखमेला रक्त कमी पोचतं. किमान तीन दिवस सिगारेट बंद. जितकं लांबवता येईल तितकं बरं. तंबाखू चघळणाऱ्यांनाही हेच लागू.

उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि थांबलेलं रक्त पुन्हा झिरपायला लागतं. म्हणून पहिला दिवस सगळं गार किंवा साधं. दुसऱ्या दिवसापासून कोमट चालतं. चहा-कॉफीवाल्यांचे हाल होतात हे खरं, पण चहा कोमट करून प्यायला मनाई नाही.

कणांचा त्रास लोकांच्या लक्षात उशिरा येतो, कारण तो पहिल्या दिवशीचा नसतो. पॉपकॉर्नचं पातळ फोलपट, तीळ, खसखस, स्ट्रॉबेरी आणि किवीच्या बिया, शेंगदाण्याचा कूट, चिप्सचे तुकडे हे सगळं खळग्यात जाऊन बसतं. मऊ कण चुळीने निघतो, पण पॉपकॉर्नचं फोलपट हिरडीच्या कडेला चिकटलं की दिवसेंदिवस हलत नाही आणि तिथे सूज येते. मोकळा शिजवलेला भातही खालच्या दाढेच्या खळग्यात शितं सोडतो. गुरगुट्या शिजवून, घोटून घेतला तर तो त्रास बराच कमी होतो. बियांची फळं हवीच असतील तर गाळून घ्यावीत.

आणि झोंबणं. मिरचीतल्या कॅप्सेसिन या द्रव्यामुळे तोंडातल्या मज्जातंतूंवरचा एक खास ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारा रेणू) चेतवला जातो. मजा अशी, की हाच ग्राहक साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही चेतवला जातो. मेंदूला दोन्हींतून संदेश एकच जातो, भाजतंय असा. हा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. आंबट पदार्थांतल्या आम्लाने आणि जखमेच्या सुजेने तो आणखी हळवा होतो. त्यामुळे एरवी जे तिखट चवीला बेताचं वाटतं, ते दात काढल्यावर आग आग करतं. तिखटाने जखम सडते वगैरे काही नाही. पण झोंबलं की लाळ सुटते, आपण जीभ फिरवतो, जोरात चूळ भरतो, आणि या धडपडीचा मात्र गुठळीला त्रास होतो. चार-पाच दिवस फिकं खावं. मीठ, जिरं, हळद, थोडं लोणी किंवा तूप यांनी फिक्या जेवणालाही बऱ्यापैकी चव येते.

फसफसणारी पेयं आम्लही असतात आणि त्यांचे बुडबुडेही असतात, म्हणून ती नकोत. मद्य तर निदान पहिला दिवस नकोच, आणि औषधं चालू असेपर्यंतही नको. मेट्रोनिडाझोल ही गोळी दातांच्या डॉक्टरांकडून अनेकदा दिली जाते. तिच्याबरोबर मद्य घेतल्यास मळमळ, उलट्या, धडधड असा त्रास होऊ शकतो, म्हणून ती घेत असताना मद्य पूर्ण टाळायला सांगतात.

दुसरा-तिसरा दिवस पहिल्यापेक्षा अवघड का वाटतो

पहिल्या दिवशी माणूस मनाची तयारी करून बसलेला असतो. दुसऱ्या दिवशी त्याला वाटतं, आता उतार पडेल. पण सूज वाढत जाऊन 48 ते 72 तासांच्या आसपास सर्वांत जास्त होते. त्यामुळे तिसऱ्या दिवशी सकाळी गाल जास्त फुगलेला दिसणं आणि घास घ्यायला जास्त त्रास होणं नेहमीचंच आहे. विशेषतः दाढ चिरून काढली असेल तर. पहिल्या दिवशी बाहेरून गालावर कापडात गुंडाळलेला बर्फ, 15-20 मिनिटं ठेवून तेवढाच वेळ काढून, असं केलं तर हे थोडं आटोक्यात राहतं.

याच दिवसांत तोंड उघडत नाही. एरवी मोठ्या माणसाचं तोंड तीन बोटं उभी मावतील एवढं उघडतं. खालची दाढ काढल्यावर ते दोन किंवा एक बोटावर येतं. जबडा उघडणारे-मिटणारे स्नायू सुजेने आणि इंजेक्शनच्या सुईने आखडलेले असतात. घाबरण्यासारखं सहसा नसतं, आठवडा-दोन आठवड्यांत सुटतं. दोन दिवसांनंतर बाहेरून कोमट शेक दिला आणि हळूहळू तोंड उघडण्याचा सराव केला तर लवकर सुटतं. पण तोवर जेवणाचा मोठा चमचा बाजूला ठेवावा आणि लहान मुलाला भरवायचा किंवा चहाचा छोटा चमचा घ्यावा. इतकी साधी गोष्ट, पण अनेक जण मोठ्या चमच्याशी झटापट करून जेवण अर्धवट सोडतात.

घास चांगल्या बाजूला, जरा मागे ठेवायचा. पातळ पदार्थ पिताना डोकं किंचित चांगल्या बाजूला कलतं ठेवलं तर जखमेवरून कमी वाहतो. पुढचा दात काढलेला असेल तर गणित बदलतं: मागच्या दोन्ही बाजूंनी चावता येतं, पण दातांनी तोडून खाण्याचे सगळे पदार्थ आधी चिरून, कुस्करून घ्यावे लागतात.

दुखण्याच्या गोळीची वेळही जेवणाशी जुळवावी. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या तर जठराला त्रास देतात. दोन-चार चमचे काहीतरी खाऊन गोळी घ्यायची आणि अर्ध्या-पाऊण तासाने, ठणका खाली बसला की, नीट जेवायचं. गोळीचं प्रमाण डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. दुखऱ्या हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी ठेवण्याचा घरगुती उपाय मात्र कधीही करू नये. तिने हिरडी अक्षरशः भाजते, आणि पोटात गेलेलं ॲस्पिरिन रक्त थांबण्यातही अडथळा आणतं. हृदयविकारासाठी वगैरे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आधीपासून चालू असतील, तर त्या स्वतःच्या मनाने बंदही करायच्या नाहीत.

मऊ म्हणजे गोड नव्हे

दात काढल्यावर आइस्क्रीम खायला मिळतं, ही सगळ्यांची आवडती समजूत. गार असतं, मऊ असतं, चमच्याने खाता येतं. पहिल्या दिवशी ते खरोखरच बरं वाटतं. कोन नको, सुकामेवा घातलेलं नको, एवढं पाहिलं की झालं. अडचण अशी की आइस्क्रीम, कस्टर्ड, फळांचा रस आणि गोड दूध यांवरच तीन दिवस काढले तर पोटात बरीच साखर जाते आणि जखम भरायला जे लागतं ते जवळपास काहीच जात नाही.

नवी ऊती तयार व्हायला प्रथिनं लागतात. धडधाकट मोठ्या माणसाची रोजची गरज वजनाच्या दर किलोला साधारण 0.8 ते 1 ग्रॅम. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50-60 ग्रॅम. चावता येत नसताना हे कसं भरायचं? एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम, मोठ्या पेलाभर दुधात 6-7 ग्रॅम, शंभर ग्रॅम दह्यात 3-4 ग्रॅम. दिवसभरात दोन अंडी, दोन पेले दूध, वाटीभर दही आणि दोन वेळा घट्ट घोटलेली डाळ, एवढ्यात तुम्ही गरजेच्या जवळ पोचता. डाळीचं नुसतं वरचं पाणी प्यायलात तर नाही पोचत. प्रथिनं खाली बसलेल्या डाळीत असतात. तीच गोष्ट पातळ, गाळलेल्या सुपाची. ते घशाला बरं वाटतं, पण त्यावर दिवस काढू नये. त्यात शिजवून वाटलेली डाळ, कुस्करलेलं पनीर किंवा उकडून बारीक केलेलं चिकन घातलं की ते जेवण होतं. मासे खाणाऱ्यांना तर मऊ शिजवलेला मासा फारच सोयीचा, मात्र काटे नीट बघून काढलेले हवेत.

हिरडीचा गाभा असलेलं कोलॅजन शरीरात बनायला क जीवनसत्त्व लागतं. त्यासाठी म्हणून लिंबू-संत्र्याचा रस प्यायला जावं तर तो झोंबतो. पिकलेली पपई हा यावरचा सोपा उपाय: मऊ, आंबटपणा नाही, बिया आधीच काढता येतात आणि शंभर ग्रॅममध्ये साधारण 60 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं.

घास मोजकेच जात असतील तर प्रत्येक घासाचं वजन वाढवावं. भाजी उकडून मिक्सरमधून काढताना त्यात चमचाभर तूप, लोणी किंवा तेल घातलं की तेवढ्याच वाटीत ऊर्जा जास्त जाते. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी जेवणं जमतात, कारण जबडा लवकर थकतो. आणि पाणी. गिळायला दुखतं म्हणून लोक पाणी कमी पितात, मग तोंड कोरडं पडतं, वास येतो, डोकं दुखतं. घोट-घोट का होईना, दिवसभर पीत राहावं.

मधुमेह असलेल्यांनी इथे जरा जास्त सावध असावं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या नेहमीच्या मापात घेतल्या आणि जेवण मात्र निम्मं झालं, तर साखर एकदम खाली येऊ शकते. उलट, मऊ म्हणून गोडच खात राहिलं तर ती वर जाते आणि जखम भरायला उशीर होतो. दात काढायची तारीख ठरवतानाच औषधांबद्दल आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून ठेवलेलं चांगलं. रक्तदाब असलेल्यांनी पाकिटातल्या तयार सुपांतलं मीठ बघावं. चार दिवस तेच पीत राहिलं तर ते बरंच होतं.

दूध-दही हा मऊ आहाराचा कणा खरा, पण डॉक्सिसायक्लिनसारखी काही अँटिबायोटिक्स दुधातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि शरीरात कमी शोषली जातात. तुमची गोळी त्यांतली आहे का, हे औषधाच्या दुकानात विचारलं तरी सांगतात. असल्यास दोन तासांचं अंतर ठेवायचं.

खाऊन झाल्यावर

पहिले 24 तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही. लाळ गुलाबी दिसते म्हणून लोक थुंकत राहतात आणि त्या जोरानेच रक्त पुन्हा सुरू होतं. लाळेत मिसळलेला रक्ताचा एखादा थेंबही बघायला पुष्कळ वाटतो. ती गिळावी किंवा कापडाने टिपून घ्यावी.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक खाण्यानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ घालून तोंड धुवायचं. खळखळून नको. पाणी तोंडात घ्यायचं, मान एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलती करायची आणि तोंड उघडून पाणी आपोआप बेसिनमध्ये पडू द्यायचं. बाकीचे दात हलक्या हाताने घासायचे, फक्त जखमेपासून दूर. आठवड्यानंतरही मोठ्या दाढेच्या खळग्यात अन्न साठत असेल तर डॉक्टर कधी वाकड्या टोकाची पिचकारी देतात आणि ती कशी मारायची ते दाखवतात. दातकोरण्याने खणायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

वरच्या मागच्या दाढा काढलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. त्या दाढांच्या मुळांच्या अगदी वर वरच्या जबड्याच्या हाडातली पोकळी, म्हणजे सायनस असते. मधला हाडाचा पडदा कधी कधी कागदासारखा पातळ असतो आणि दाढेबरोबर तो फाटू शकतो. पाणी पिताना ते नाकातून येतंय असं वाटलं, किंवा खळग्यातून हवा जातेय असं जाणवलं, तर दवाखान्यात लगेच कळवावं. तोवर नाक जोरात शिंकरू नये, आणि शिंक आली तर ती तोंड उघडून येऊ द्यावी.

बाकी फोन कधी करायचा? नवा गॉज अर्धा तास घट्ट चावून धरूनही रक्त थांबत नसेल तर. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं किंवा सूज कमी होण्याऐवजी वाढत असेल, ताप येत असेल, तोंडात पू जाणवत असेल, किंवा दुसऱ्या दिवशीही ओठ-जीभ बधिरच असेल तर. गिळता येईनासं झालं किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर फोन करत बसू नये, थेट रुग्णालय गाठावं. ड्राय सॉकेटची शंका असेल तर दुखणं सोसत घरी बसण्यात काही अर्थ नाही; डॉक्टर खळगा धुऊन त्यात औषधाची पट्टी भरतात आणि बऱ्याच जणांना त्याच दिवशी आराम पडतो.

नेहमीचं जेवण कधी

साधा, एका मुळाचा दात सहज निघालेला असेल तर चार-पाच दिवसांत माणूस जवळपास नेहमीसारखा जेवू लागतो. टाके घालून काढलेल्या अक्कलदाढेला आठवडा ते दहा दिवस धरावेत. विरघळणारे टाके मध्येच सुटून घासात आले तर दचकायला होतं, पण ते गिळले गेले तरी काही होत नाही. न विरघळणारे साधारण आठवड्याने काढतात.

क्रम ठरवायचा तर आधी मऊ भात, पास्ता, शिजलेल्या भाज्या असं चावून बघावं, तेही चांगल्या बाजूने. त्यात दुखलं नाही की पाव, मांस. सुकामेवा, चिप्स, पॉपकॉर्न, कडक टोस्ट हे सगळ्यात शेवटी. निदान दोन आठवडे, आणि खळगा अजून खोल दिसत असेल तर आणखी थोडे दिवस. एखाद्या घासाला ठणका उठला तर तो पदार्थ दोन दिवस मागे ठेवायचा, एवढंच.

जखमेच्या बाजूने चावणं बरेच जण महिना उलटला तरी टाळतात, कारण सवय लागलेली असते. हिरडी मिटली असेल आणि दाबून दुखत नसेल तर त्या बाजूलाही काम द्यायला हरकत नाही. चावायचा दात गेलेला असेल तर त्या जागी नवा दात बसवायचा की नाही, हे पुढच्या तपासणीतच विचारून घ्यावं. जागा फार काळ मोकळी राहिली तर शेजारचे दात तिकडे कलतात, समोरचा दात त्या रिकाम्या जागेत उतरू लागतो आणि पुढे चावण्याची जुळणीच बिघडते.